मूल्यमापनाला भाद्रपदात या

डिसेंबर उजाडला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर परदेशी मदतीच्या अन्नसुरक्षा प्रकल्पांची पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या यायला लागतात. कोणी आसनगावला लोकलमधून उतरून जीप करतं, कोणी कल्याणहून मुरबाड रस्त्याने थेट टोकावड्यापर्यंत येतं. हवा गार, रस्ते कोरडे. भात झोडून झालेलं असतं, खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात आणि शेणाने लिंपलेल्या कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या असतात. पाहुणे विचारतात, "मावशी, वर्षभर पुरेल इतकं खायला मिळतं का?" मावशी कणगीकडे बघते आणि म्हणते, "मिळतं की." त्या दिवसापुरतं ते उत्तर खरंच असतं.

त्याच पाड्याच्या दुसऱ्या टोकाला दहा-बारा घरांची दारं सुतळीने बांधलेली असतात. ती कातकऱ्यांची घरं. दिवाळी झाल्या झाल्या ती माणसं पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. पाहणी करणारा मुलगा फॉर्मवर "कुटुंब उपलब्ध नाही" असं लिहितो आणि पुढच्या घराकडे वळतो. अशा रीतीने ज्यांच्या पोटासाठी परदेशातून पैसा आला, नेमके तेच लोक आकडेवारीतून गळतात. मी स्वतः असा एक अहवाल लिहिलेला आहे. त्यातली बेरीज-वजाबाकी बिनचूक होती आणि निष्कर्ष चुकीचा होता. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी, ग्रामसभेच्या सदस्यांनी आणि परदेशातून गावाकडे पैसे पाठवणाऱ्या मराठी मंडळींनीही ते वाचावं.

इंग्लंडच्या रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली ग्रामीण विकासावरच्या पुस्तकात ही खोड नेमकी दाखवून दिली होती. बाहेरचा माणूस डांबरी रस्त्यालगतची गावं बघतो, कोरड्या ऋतूत येतो, प्रकल्प असलेल्या जागीच जातो आणि जे समोर हजर आहेत त्यांच्याशीच बोलतो. चाळीस वर्षं उलटली तरी आपल्या दोन तालुक्यांत हे तंतोतंत लागू पडतं.

आधी पाड्याचं वर्ष समजून घ्या

प्रश्नावली छापण्याआधी एका संध्याकाळी चार बायांना बसवून वर्ष मांडून घ्या. फाल्गुन-चैत्रात राब भाजतात. मृगात पेरणी, आषाढात आवणातली रोपं काढून लावणी. लावणीची मजुरी मिळते तोवर हातात पैसा असतो. श्रावण-भाद्रपदात मजुरी आटते, कणगी तळाला जाते, किराणा दुकानातली उधारी फुगते. मग वरकस जमिनीवरची वरई येते, लवकर पिकणारं हळवं भात येतं आणि घर सावरतं. उशिरा पिकणारं गरवं भात दिवाळीच्या आगेमागे. त्यानंतर भट्टीवरचं स्थलांतर, ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत. होळीला काही जण सणापुरते परततात.

हे वर्ष कळलं की एक फार महत्त्वाचा प्रश्न सुचतो, जो मला कुठल्याच छापील नमुन्यात आढळला नाही: प्रकल्पाने हळव्या भाताचं काय केलं? समजा, जास्त उत्पन्न देणारं गरवं बियाणं वाटलं. एकरी उत्पन्न वाढलं, आलेखाची रेघ वर गेली. पण ज्या घराने हळव्याचं खाचर मोडून तिथे गरवं लावलं, त्या घराची उपासमार तीन-चार आठवड्यांनी लांबली. अन्नसुरक्षेच्या प्रकल्पात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडायला हवेत. पहिला आकडा तेवढा मांडला तर अहवाल शेतीचा झाला, भुकेचा झाला नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी: एका वर्षात किमान दोनदा जा, आणि त्यातली एक फेरी गणपती ते पितृपक्ष या दिवसांत असू द्या. ओढे भरलेले असतील, गाडी पाड्यापर्यंत जाणार नाही, चिखलातून चालावं लागेल. त्या वेळी कुटुंबं घरी असतात आणि कणग्या रिकाम्या असतात. दिवाळीनंतर जायचंच असेल तर भट्टीवरही जा. पाड्यावरचं कुठलं कुटुंब कोणत्या भट्टीवर आहे हे शेजारच्यांना माहीत असतं. तिथे मालकाचा माणूस उभा असताना मोकळी उत्तरं मिळत नाहीत, म्हणून बाजाराच्या दिवशी, भट्टीबाहेर गाठा.

काय विचारावं आणि कसं

'अन्नसुरक्षा' हा शब्द १९९६च्या रोममधल्या जागतिक अन्न शिखर परिषदेनंतर आजच्या अर्थाने रूढ झाला. सर्व लोकांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पौष्टिक अन्न मिळवता आलं पाहिजे, असं त्याचं थोडक्यात सार. त्यातला "सर्व काळ" हा भाग मोजायला सगळ्यात अवघड. त्यासाठी जगभर एक साधी पद्धत वापरतात: गेल्या बारा महिन्यांतले कोणते महिने घरात अन्न पुरलं आणि कोणते नाही, ते एकेक करून विचारायचं. आपल्याकडे इंग्रजी महिने विचारले की उत्तरं अंदाजपंचे येतात. त्याऐवजी सण विचारा. "यंदा कणगीतलं भात कधी संपलं? होळीला होतं का? आखाजीला? मृग लागला तेव्हा? गणपतीत पाहुण्यांना घरचं घातलं की विकतचं?" एवढ्यावर पाच मिनिटांत खरं उत्तर बाहेर येतं, आणि शेजारीण बसलेली असेल तर ती दुरुस्तही करते.

इथे भाषेची एक अडचण लक्षात ठेवा. इंग्रजीतल्या एका शब्दासाठी आपल्याकडे तीन वस्तू आहेत: शेतातलं भात, सडलेला तांदूळ आणि ताटातला भात. भाषांतर करणाऱ्याने गल्लत केली की सगळी पाहणी वाया जाते. भात सडल्यावर साधारण दोन तृतीयांश तांदूळ हाती येतो. म्हणजे एकाने भाताचं वजन सांगितलं आणि दुसऱ्याने तांदळाचं, तर दोघांच्या उत्पन्नात नसलेला दीडपटीचा फरक दिसेल. मापांचंही तसंच. पायली, मण, खंडी ही मापं लोकांना बोलू द्यावीत, किलोत बळेच उत्तर मागू नये. त्या पाड्यावरची एक पायली भरून घ्या आणि सोबतच्या काट्यावर स्वतः तोला. शेजारच्या गावात ती थोडी वेगळी भरू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक भूक-मोजणी आहे. खायला मिळेल की नाही अशी काळजी वाटली का, जेवण टाळावं लागलं का, दिवसभर उपाशी राहिलात का, असे तिचे प्रश्न चढत्या क्रमाने जातात. ती उपयोगी आहे. पण "जेवण टाळलं का?" याला आमच्या भागातली बाई "नाय" म्हणेल, कारण तिने रात्री पेज प्यायली होती. पातळ पेज, मीठ आणि एक मिरची. तिच्या लेखी ती जेवली. म्हणून प्रश्न असा करा: "गेल्या महिन्यात अशा किती रात्री गेल्या की चुलीवर फक्त पेज होती?" आणि त्यापुढे: "त्या रात्री पेजेचा घट्ट भाग कोणाला वाढला?" हा दुसरा प्रश्न विचारल्यावर बायका बराच वेळ गप्प होतात. थांबा, घाई करू नका, आणि शक्यतो हा प्रश्न बाईनेच बाईला विचारावा.

आहारातली विविधता मोजायची दुसरी पद्धत म्हणजे काल दिवसभरात बारा अन्नगटांपैकी किती गट पोटात गेले ते नोंदवणं. आमच्या भागात ही पद्धत एकटी वापरली तर फसवते. पहिल्या पावसानंतर शेवळं येतात, मग टाकळा, कुरडू, लोत, भारंगी, कंटोळी. वळगणीचे मासे चढतात, खाचरात चिंबोऱ्या मिळतात. म्हणजे आषाढात धान्य संपत आलेलं असतानाही ताटात विविधता भरपूर, आणि चैत्रात कणगीत थोडं धान्य असूनही ताटात डाळ-भातच. विविधतेचा आकडा आणि पुरवठ्याचा आकडा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. दोन्ही घेतले तरच चित्र पुरं होतं. रानभाजी 'इतर' या रकान्यात टाकू नका. आणि प्रकल्पात तणनाशकाचा वापर असेल तर बांधावरच्या भाजीचं आणि खाचरातल्या खेकड्यांचं काय झालं, हे मुद्दाम विचारा. ज्या घराकडे जमीन नाही त्या घराचं कालवण दुसऱ्याच्या बांधावरच उगवत असतं.

मुलांच्या बाबतीत अंगणवाडीताईंची वही हा सोन्यासारखा ऐवज आहे. पण वजनाची तुलना नेहमी त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करा. भट्टीवरून परतलेलं मूल आणि दिवाळीआधीचं तेच मूल यांच्या वजनातला फरक प्रकल्पाच्या खात्यावर टाकता येत नाही. दंडाचा घेर मोजायची पट्टी सोबत ठेवा. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांसाठी साडेअकरा सेंटिमीटरच्या खालचं मूल अतितीव्र कुपोषित आणि साडेबारापर्यंतचं मध्यम कुपोषित धरतात. असं मूल आढळलं तर त्याच दिवशी अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. नोंद करून निघून येणं हा गुन्हा आहे असं मी मानतो.

आणखी एक मोजमाप मी गेली काही वर्षं वापरतो आहे. भट्टीवाल्याकडून उचललेला बयाणा. अन्नाची चणचण असलेलं घर पावसाळ्यातच पैसे उचलतं आणि त्या बदल्यात पुढच्या हंगामाचं अंग गहाण टाकतं. किती उचलला, कोणत्या महिन्यात उचलला आणि कशासाठी उचलला, एवढे तीन प्रश्न विचारा. प्रकल्पाच्या तीन वर्षांत एखाद्या पाड्यावरचा भाद्रपदातला बयाणा कमी झाला असेल, तर कुठल्याही निर्देशांकापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन.

वाडीचा धडा

परदेशी पैशातून आदिवासी शेतीवर झालेल्या कामाचं आपल्या परिसरातलं सर्वांत मोठं उदाहरण वाडीचं आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेत वांसदा भागात वाडीची सुरुवात केली. एका कुटुंबाच्या एक एकरात आंबा-काजूची कलमं, कडेने कुंपणाची झाडं, मधल्या जागेत धान्य-भाजी. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने नाबार्डमार्फत १९९५ पासून गुजरातेत आणि २००० पासून महाराष्ट्रात त्याला पैसा दिला. महाराष्ट्रातले जिल्हे होते नाशिक आणि ठाणे, आणि काम बाएफच्या 'मित्र' या संस्थेकडे होतं. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला आणि जव्हार-मोखाड्यासारखे तालुके तिकडे गेले. त्यामुळे आज 'ठाणे जिल्हा' म्हणून जुने आकडे आणि नवे आकडे जुळवताना हे ध्यानात ठेवावं लागतं. पुढे नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून वाडीचा नमुना देशभर नेला.

वाडी हा चांगला विचार आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. म्हणूनच त्याचं मूल्यमापन नीट व्हावं असं वाटतं. कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, आणि प्रकल्पाचा कालावधी बहुधा तेवढाच असतो. मग शेवटच्या वर्षी मोजायला काय उरतं? जगलेली रोपं. "इतके टक्के रोपं जगली" हे यश म्हणून छापलं जातं. रोप जगणं आवश्यक आहे, पण अन्नसुरक्षेचा प्रश्न तिथे सुरूसुद्धा झालेला नसतो. वाडीला दहाव्या वर्षी जायला हवं. मे महिन्यात आंबा विकून पैसे आले, ते भाद्रपदापर्यंत टिकले का? की मागची उधारी फेडण्यात गेले? फळ कोणी विकलं, घरच्या बाईने बाजारात की व्यापाऱ्याने झाडावरच?

वाडीत फिरताना झाडं स्वतः मोजा, वहीवरून नाही. मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावलेलं दिसतं का, कुंपणाच्या आतल्या बाजूला गुरांच्या खुरांचे ठसे आहेत का, वणव्याने बुंधे करपलेत का, हे डोळ्यांना कळतं. मग पाण्याची गोष्ट काढा. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना हंड्याने पाणी घातलं जातं. ते कोणी घातलं? किती फेऱ्या? आमच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. मुंबईची तहान इथून भागते आणि धरणाच्या आसपासचेच पाडे वैशाखात टँकरची वाट बघतात. ज्या घरात पिण्याचा हंडा दोन किलोमीटरवरून येतो तिथे रोपाला घातलेलं पाणी फुकट धरता येणार नाही. बाईच्या श्रमाची किंमत खर्चाच्या बाजूला मांडा. परसबागेच्या प्रत्येक प्रकल्पाला हाच प्रश्न लागू आहे: चैत्रात पाणी कुठून येणार?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. वाडीला एक एकर लागतो. वरकस का होईना, जमीन लागते. महादेव कोळी, ठाकूर, वारली, कुणबी यांच्यापैकी अनेकांकडे ती आहे. काहींकडे एकसाली प्लॉट आहेत, ज्यांना २००६च्या वनहक्क कायद्यानंतर पट्टे मिळाले किंवा मिळायचे आहेत. कातकरी घरांपैकी कित्येकांच्या नावावर घराखालची जागासुद्धा नाही. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून आहेत, त्यांतली कातकरी ही एक. शेतीचा कोणताही प्रकल्प त्यांच्या बाजूने न जाता त्यांना वळसा घालून जातो, आणि तरीही सरासरी सुधारते. त्यामुळे सरासरीवर कधीही थांबू नका. जमीन असलेली, पट्टा असलेली, बिनजमिनीची अशी तीन खाती पाडा. तिसऱ्या खात्यात काही हाललं नसेल तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या आधाराने गुळवेल गोळा करून मोठ्या औषधी कंपन्यांना विकली, ते इथे आठवतं. ती शेती नव्हती, पण ज्यांना शेती नाही त्यांच्या घरात पैसा आणणारं काम होतं. तिथेही प्रश्न चुकत नाहीत: वेल तोडणाऱ्याच्या हातात किलोमागे किती पडले, कोणत्या महिन्यांत पडले, आणि रानात पुढच्या वर्षासाठी वेल शिल्लक ठेवली का.

बदल झाला, पण कोणामुळे?

आधीची पाहणी आणि नंतरची पाहणी यांतला फरक म्हणजे प्रकल्पाचा परिणाम, असं समजणं ही सर्वत्र होणारी चूक. आफ्रिकेतल्या मिलेनियम व्हिलेज या गाजलेल्या प्रकल्पावर हीच टीका झाली. तिथल्या गावांत मोबाईल फोन वाढले हे प्रगतीचं लक्षण म्हणून सांगितलं गेलं, पण प्रकल्पाबाहेरच्या गावांतही ते तसेच वाढत होते.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. २०१९च्या ऑक्टोबरअखेर, क्यार चक्रीवादळाच्या दिवसांत, अवकाळी पावसाने कोकणपट्टीतलं कापणीला आलेलं भात शेतात भिजलं, काही ठिकाणी लोंबीवरच कोंब फुटले. ज्या संस्थेने त्या वर्षी सुरुवातीची पाहणी केली तिचा प्रकल्प पुढच्या वर्षी काहीही न करता यशस्वी दिसणार. त्यापाठोपाठ २०२०ची टाळेबंदी आली, भट्ट्यांवरची कुटुंबं अडकली. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळू लागलं, आणि जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं नेहमीचं धान्यच मोफत झालं. अंत्योदय कार्ड असलेल्या घराला महिन्याला ३५ किलो. ज्या घरात हे धान्य खरोखर पोचतं, त्या घराची भूक कमी झाली तर श्रेय परदेशी देणगीदाराच्या नावावर कसं लिहायचं? गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत २०१५ पासून मिळणारा अमृत आहार हाही त्यातच. शिवाय समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, मुरबाड रस्त्याला फार्महाऊस उठली. कोणी जमीन विकली, कोणाचा मुलगा गोदामात लागला. घरात फ्रीज आला तर तो प्रकल्पातल्या भेंडीच्या पैशातून आला की जमिनीच्या, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

यावर उपाय एकच: शेजारचा, प्रकल्प नसलेला पाडाही मोजा. तो निवडताना डांबरी रस्त्यापासूनचं अंतर, खाचर आणि वरकस यांचं प्रमाण, जमातींची सरमिसळ आणि भट्टीवर जाणाऱ्या घरांचा अंदाज, या चार गोष्टी जुळवा. त्यांच्याही घरी तेच प्रश्न, त्याच आठवड्यात. दोन्हीकडच्या बदलांत जो फरक उरेल तेवढ्यावरच दावा सांगा. चिठ्ठ्या टाकून गावं निवडण्याची शास्त्रीय पद्धत आहे, २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल तिच्याशी निगडित कामाला मिळालं. मोठ्या प्रकल्पांना ती शोभते. वीस पाड्यांच्या संस्थेने तिच्यामागे लागून पैसा घालवू नये, पण शेजारचा पाडा मोजण्याला सबब नाही. त्या पाड्यावर "आम्हाला काय मिळणार?" हा प्रश्न येईलच. खोटी आशा दाखवू नका. काही मिळणार नाही, पण तुमचे आकडे तुम्हाला वाचून दाखवू, असं सांगा, आणि तसं करा.

रेशनबद्दल एक जोडप्रश्न नेहमी विचारा: कार्ड आहे का, आणि भट्टीवर असताना धान्य कुठे उचललं? एका राज्यातच नव्हे, देशात कुठेही धान्य उचलता येईल अशी सोय कागदावर झालेली आहे. भट्टीवरच्या कुटुंबाला ती मिळते का, हे कळणं एखाद्या बियाणे-वाटपाइतकंच मोलाचं ठरतं.

पैशाचा माग

परदेशी पैशाचे दोन रस्ते आहेत. एक सरकारमार्फत येतो. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने महिला आर्थिक विकास महामंडळाने ('माविम') २००७ पासून बचत गटांसाठी चालवलेला तेजस्विनी कार्यक्रम किंवा जागतिक बँकेच्या कर्जातून चालणारा स्मार्ट हा शेतीप्रकल्प हे त्यातले. कर्ज हे कर्ज असतं, ते आपणच फेडतो, त्यामुळे त्याचा हिशोब विचारण्याचा आपला हक्क दुप्पट आहे. दुसरा रस्ता स्वयंसेवी संस्थांचा. २०२०च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मुंबईतल्या मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन पाड्यावर काम करणारे छोटे गट त्यामुळे अडचणीत आले. २०२०च्या अलीकडे-पलीकडे चाललेल्या प्रकल्पाचं मूल्यमापन करताना, मधल्या वर्षी कार्यकर्ते बदलले का, कामच थांबलं का, हे तपासल्याशिवाय गावकऱ्यांवर किंवा संस्थेवर अपयशाचा ठपका ठेवू नका.

खर्च काढताना पाड्यावर वाटलेल्या वस्तूंची बेरीज पुरेशी नाही. कार्यालय, गाड्या, प्रशिक्षण, सल्लागार, अगदी तुमची स्वतःची फी, सगळं धरा आणि कुटुंबांच्या संख्येने भागा. समजा तीन वर्षांत ६० लाख खर्च झाले आणि २०० कुटुंबं होती, तर घरटी ३० हजार. मग ग्रामसभेत मोकळेपणाने विचारा: हे ३० हजार थेट तुमच्या हातात आले असते तर काय केलं असतं? कोणी पंप म्हणेल, कोणी मुलीचं शिक्षण, कोणी बयाणा फेडला असता म्हणेल. त्या उत्तरांतून प्रकल्प गरजेला धरून होता का ते समजतं.

मदत देणाऱ्या देशांच्या संघटनेने मूल्यमापनाच्या पाच कसोट्या १९९१ मध्ये ठरवल्या आणि २०१९ मध्ये सहावी जोडली. मोठ्या देणगीदाराला या कसोट्यांच्या भाषेत अहवाल लागतो, तो द्यावा. त्यातली टिकाऊपणाची कसोटी सगळ्यात कमी पाळली जाते, कारण प्रकल्प संपल्यावर परत यायला कोणाकडे पैसे नसतात. म्हणून करार करतानाच, प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनी एका फेरीचा खर्च बाजूला ठेवायला लावा. केनियात तुर्काना तलावाकाठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठवण्याचा कारखाना उभारला गेला. तिथले लोक भटके पशुपालक. कारखाना चालला नाही. इतकं दूर कशाला, आपल्या तालुक्यांत बंद पडलेले पंप, मोडलेल्या गांडूळखताच्या टाक्या आणि कुलूप लागलेली धान्य बँकेची खोली कोणीही दाखवेल. बंद पडलेली वस्तू दिसली की तिच्याजवळ थांबा आणि शेवटचं कधी चाललं, काय मोडलं, दुरुस्तीला किती लागत होते, आणि ते पैसे कोणी द्यायचे होते, एवढं लिहून घ्या. देणाऱ्याच्या मनात नसलेले परिणामही शोधा. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं आपल्याकडे मानतात, आणि ते आज प्रत्येक माळावर आहे.

कोणाच्या तोंडून ऐकता

संस्थेचा कार्यकर्ता शेजारी उभा असेल तर उत्तर त्याच्यासाठी असतं. त्याला प्रेमाने सांगून दुसऱ्या पाड्यावर पाठवा. वयस्क कातकरी बायका आपापसात कातकरी बोलीत बोलतात, ठाकूर वाडीवर ठाकरी ऐकू येते. दुभाषी म्हणून त्याच पाड्यावरची दहावी-बारावी झालेली मुलगी घ्या आणि तिला दिवसाची पुरी मजुरी द्या. चिठ्ठ्या टाकून घरं निवडा, बंद घर लागलं तर ते सोडून पुढे न जाता त्याची वेगळी यादी करा. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा, आपला शिधा घेऊन. चूल सकाळी पेटते की नाही ते मुक्कामाला राहिलेल्यालाच दिसतं.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला मान आहे. म्हणून इंग्रजी अहवाल पाठवण्याआधी त्याचा दोन पानी मराठी सारांश पाड्यावर मोठ्याने वाचा. देणगीदार थोडे दिवस थांबतो. मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर आम्ही असा सारांश वाचत होतो. "घरचं धान्य सरासरी सात महिने पुरतं" या ओळीवर मागे बसलेली एक म्हातारी उठली. "सात कुठनं? त्यात रेशनचा तांदूळ धरलाय तुमी," ती म्हणाली. आम्ही फॉर्म काढून तिथेच पडताळले. तिचं बरोबर होतं, पाहणी करणाऱ्या एका मुलाने घरचा आणि रेशनचा तांदूळ वेगळा लिहिलाच नव्हता. आम्ही पुन्हा घरोघर गेलो, दोन दिवस लागले. नवा आकडा पाच महिने निघाला, आणि तोच देणगीदाराला गेला.